झिजेल ते बदलता आले पाहिजे

श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते, तेव्हा उज्जैनमध्ये लोटणाऱ्या यात्रेकरूंच्या मुक्कामाची तजवीज करण्यात धर्मशाळांपासून घरगुती खाणावळींपर्यंत सारे शहर गुंतलेले असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत माळव्याचे आभाळ असे काही भरून राहते की गच्चीवर घातलेल्या चादरी, अभ्रे आणि पंचे दुसऱ्या दिवशीही ओलसरच हाती येतात व त्यांना कुबट वास सुटतो. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल मंदिरालगतच्या ‘महाकाल लोक’ ह्या परिसराचे लोकार्पण झाल्यापासून ही गर्दी सवारीच्या दिवसांपुरती राहिलेली नाही, आणि जुन्या वस्तीतल्या कित्येक कुटुंबांनी आपल्या घरातल्या एकदोन खोल्या यात्रेकरूंसाठी राखून ठेवल्या आहेत. परिणामी, गरम हवेने कपडे वाळवणारे जे यंत्र परवापरवापर्यंत मोठ्या हॉटेलांत किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या घरीच आपल्या पाहण्यात येत असे, ते ड्रायर नावाचे यंत्र आता फ्रीगंजातल्या फ्लॅटांत आणि मंदिरालगतच्या घरांत येऊ लागले आहे. कपडे धुण्याचे यंत्र तर त्याच्या कितीतरी आधी येऊन रुजले. ह्या दोन्ही यंत्रांच्या पोटात जो ड्रम फिरतो, त्याचे बेअरिंग झिजले म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न वरकरणी मेकॅनिकच्या दुकानापुरता वाटेल. परंतु पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूवर नागरिकाचा हक्क कोठवर पोहोचतो, ह्या मोठ्या प्रश्नाचाच तो एक भाग आहे, आणि त्याचे उत्तर कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेअरिंग हा यंत्राचा झिजण्यासाठीच योजलेला भाग होय. फिरणारा शाफ्ट आणि स्थिर चौकट ह्यांच्यामधले सारे घर्षण त्याने आपल्या अंगावर घ्यावे, स्वतः झिजावे आणि शाफ्ट व चौकट ह्या दोन महागड्या भागांना वाचवावे, हेच त्याचे प्रयोजन. घरगुती ड्रायरच्या पुष्कळशा रचनांत ड्रमच्या पाठीमागे मधोमध एक आखूड शाफ्ट असतो व तो ब्राँझच्या किंवा कठीण प्लास्टिकच्या बुशमध्ये फिरतो. ड्रमची पुढची कड नायलॉनच्या सरकपट्ट्यांवर किंवा लहान रोलरांवर टेकलेली असते, आणि ड्रमच्या घेराभोवती गुंडाळलेला एक लांब पट्टा त्याला फिरवीत राहतो. ओल्या चादरींचे ओझे वर्षानुवर्षे वाहून हा बुश झिजला, की ड्रम मागच्या बाजूने किंचित खाली उतरतो, त्याची कड पत्र्यावर घासू लागते, प्रथम चिरचिर व पुढे खरखर ऐकू येते, पांढऱ्या कपड्यांवर काळपट ओरखडे उमटतात आणि बारीक कपड्यांची टोके फटीत अडकून फाटतात. त्याच फटीतून कपड्यांची सुटी लव बाहेर पडून तापत्या कॉइलच्या आसपास साठत गेली, तर ती पेट घेण्याचेही भय असते. म्हणून ड्रायरचा आवाज हा केवळ कानाला होणारा उपद्रव समजून त्याच्याकडे काणाडोळा करणे धोक्याचे आहे. एक अल्प किंमतीचा बुश वेळेवर बदलला नाही, तर सारे यंत्र आणि प्रसंगी घरही संकटात येते.

धुण्याच्या यंत्राची रचना निराळी असली तरी गोष्ट तीच. समोरून दार असलेल्या यंत्रात ड्रमचा शाफ्ट मागच्या भिंतीतल्या, एकामागे एक बसवलेल्या दोन बॉल बेअरिंगांत फिरतो, आणि पाण्याला अडवण्यासाठी त्यांच्या पुढे रबराचे एक सील असते. सील शाबूत आहे तोवर बेअरिंग सुखरूप. ते झिजले की साबणाचे पाणी थेंबाथेंबाने आत शिरते, ग्रीस धुऊन नेते, गोळ्यांना गंज चढवते, आणि मग पिळण्याच्या वेळी ड्रम मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेऊ लागला की घराच्या भिंती हादराव्यात असा घरघराट सुरू होतो. उन्हाळ्यात गंभीर धरणाचे पाणी पुरेनासे होऊन माळव्यातल्या काळ्या दगडातून उपसलेले बोअरचे जड पाणी घरात आले, म्हणजे त्यातला चुना सीलच्या ओठाशी जमून ते खरखरीत करतो व झीज आणखी लवकर होते. ज्या अर्धस्वयंचलित यंत्रातल्या पिळण्याच्या टबालाच आपल्या घरांत ड्रायर म्हणण्याचा प्रघात आहे, त्याच्याही तळाशी शाफ्टभोवती एक सील व त्यात एक बुश असतो, आणि तो गेला की पाणी थेट खालच्या मोटरीवर गळू लागते. तात्पर्य, यंत्र स्वस्त असो वा महाग, देशी असो वा परदेशी, हा भाग कधी ना कधी जाणारच. त्यात यंत्र वापरणाऱ्या गृहिणीचा दोष नाही, आणि खरे पाहता कारखानदाराचाही नाही. दोष सुरू होतो तो पुढे.

तो कोठे सुरू होतो हे समजण्यासाठी बेअरिंग ह्या वस्तूची थोडी पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे. गोळ्यांवर फिरणाऱ्या आसाचे पेटंट फिलिप व्हॉन नावाच्या वेल्समधल्या लोहकाराने १७९४ साली घेतले. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर ह्याने १८८३ साली पोलादी गोळ्या एकसारख्या घासून तंतोतंत गोल करण्याचे यंत्र तयार केले. आणि १९०७ साली स्वीडनमधल्या स्वेन विंगक्विस्ट ह्या अभियंत्याने गिरणीतल्या शाफ्टांच्या कटकटीला कंटाळून, शाफ्ट वाकडा झाला तरी आपोआप जुळवून घेणारे बेअरिंग शोधून काढले व त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. आपल्या देशात जयपूर येथे १९४६ साली नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज हा बेअरिंगचा उद्योग स्थापन झाला, आणि पुढे १९६० नंतरच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफचाही कारखाना आला. ह्या साऱ्या प्रवासात माणसाने मिळवलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मापांची एकवाक्यता. ६२०५ हा क्रमांक सांगितला की आतले छिद्र २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर आणि जाडी १५ मिलिमीटर, हे ठरलेच. ६२०४ म्हटले की २०, ४७ व १४. ६२०६ म्हटले की ३०, ६२ व १६. बेअरिंग जयपूरला घडलेले असो, चिंचवडला असो की जपानात असो, हा करार मोडत नाही. धुण्याच्या यंत्रांत सर्रास आढळणारी बेअरिंगे ह्याच मालिकेतली असतात, आणि त्याच क्रमांकांची बेअरिंगे पाण्याच्या पंपांत, पंख्यांच्या मोटरींत आणि नाना प्रकारच्या यंत्रांत बसलेली असतात. इतकी सार्वत्रिक, इतकी सहजी उपलब्ध आणि इतकी निश्चित मापाची वस्तू यंत्रशास्त्राच्या साऱ्या पसाऱ्यात दुसरी क्वचितच सापडेल. ती मिळत नाही म्हणून कोणाचे यंत्र भंगारात गेले, असे होता कामा नये.

आणि तरीही तसे होते. ते कसे, हे मी आमच्याच शहरातल्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात बसून पाहिले आहे. कारागिराने एक जुने यंत्र उघडले होते. दाराभोवतालचे रबर त्याने कडेच्या तारेसकट सोडवले, समतोलासाठी बसवलेले काँक्रीटचे जड ठोकळे काढले, पट्टा उतरवला, मोटर व हीटरच्या तारा निशाणी करून सुट्या केल्या, स्प्रिंगांवर लटकलेला टब शॉक ॲब्सॉर्बरांपासून सोडवून जमिनीवर आडवा ठेवला, आणि टबाच्या घेराभोवतालचे स्क्रू एकेक करून काढताच त्याचे दोन भाग वेगळे झाले. मागच्या भागातून बेअरिंगे पंच लावून ठोकून काढली तेव्हा आतले ग्रीस तपकिरी चिखलासारखे झालेले दिसत होते. त्याने शाफ्टवरची सीलची जागा नखाने चाचपून पाहिली, खाच नाही अशी खातरजमा केली, ड्रमला धरून ठेवणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा आधार कोठे तडकला किंवा खाल्ला गेला आहे का ते उजेडात धरून न्याहाळले, नवी बेअरिंगे बाहेरच्या कड्यावरच दाब देऊन सरळ बसवली, आणि सीलच्या ओठाला पाण्याने न धुपणारे ग्रीस लावले. बेअरिंग बदलायचे तर सीलही बदललेच पाहिजे, नाही तर पुन्हा वर्षभरात यंत्र दुकानात येते, हे तो शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलाला बजावून सांगत होता. ह्या साऱ्या सामानाची किंमत काही शे रुपयांत होती. मेहनतीचे पैसे त्याहून अधिक होते, आणि ते असावेतच, कारण ती मेहनत कौशल्याची होती.

त्याच दुकानाच्या कोपऱ्यात दुसरे एक यंत्र उभे होते. वयाने ते पहिल्याहून बरेच लहान. बाहेरचा रंग, काच, पॅनेल सारे नव्यासारखे. त्याचेही बेअरिंगच गेले होते. परंतु त्याच्या टबाचे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले नव्हते. कारखान्यातच प्लास्टिक तापवून ते एकमेकांत कायमचे सांधून टाकले होते. कारागिराने त्या सांध्यावरून बोट फिरवले आणि ग्राहकाला म्हणाला, “बाबूजी, इसमें बेरिंग अलग नहीं आती, पूरा टब आएगा.” संपूर्ण टबाची किंमत कित्येक हजार रुपये, तो मागवायचा तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातूनच, आणि मॉडेल बंद झाले असल्याने तो येईल की नाही ह्याचीही खात्री नाही. ग्राहक एका शाळेतले निवृत्त शिक्षक होते. त्यांनी हिशेब केला, आणि यंत्र भंगारवाल्याला देऊन हप्त्यांवर नवे घेण्याचे ठरवले. त्यांचे काही चुकले असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ज्या टबात काही शे रुपयांची दोन बेअरिंगे व एक सील एवढेच बिघडले होते, तो टब, तो ड्रम, ती चालती मोटर, तो शाबूत पंप आणि तो संपूर्ण पत्रा केवळ एका सांध्यापायी निकालात निघाला. दोष सुरू होतो तो येथे.

कारखानदारांची बाजू ऐकून घेणे न्यायाला धरून होईल. ते म्हणतात की तापवून सांधलेला टब गळत नाही, जोडणीचा वेळ वाचतो, स्क्रूंचा व गॅस्केटचा खर्च टळतो, आणि यंत्र त्यामुळे स्वस्तात देता येते. ह्यात तथ्यांश आहे. पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे. विक्रीच्या दिवशी वाचलेले ते पैसे नाहीसे झालेले नसतात. ते पुढे केव्हातरी बेअरिंग गेल्याच्या दिवशी, नव्या यंत्राच्या किंमतीच्या रूपाने, ग्राहकाच्याच खात्यावर नावे पडतात. ग्राहकाला खरेदीच्या वेळी ही गोष्ट कोणी सांगत नाही. दुकानात त्याला ड्रमचे लिटर-किलो सांगतात, विजेचे तारे दाखवतात, मोटरीची दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत वाचायला देतात. परंतु त्या मोटरीने जो ड्रम फिरवायचा, त्याचे बेअरिंग बदलता येईल की नाही, हे कोणत्याही पत्रकावर छापलेले नसते. सौद्यातली एक महत्त्वाची अट ज्याच्यापासून झाकून ठेवली, त्याने तो सौदा राजीखुशीने केला असे कसे म्हणावे?

ह्या माळव्यात अशी अट दुसऱ्या एका यंत्राच्या बाबतीत कोणी क्षणभर तरी चालवून घेईल का, ह्याचा विचार करून पाहावा. उज्जैनपासून हाकेच्या अंतरावर देवासला किर्लोस्कर बंधूंचा पंपांचा कारखाना आहे, आणि ह्या प्रदेशातले सोयाबीन-गव्हाचे शेत पंपावाचून चालत नाही. रब्बीच्या ऐन पाण्याच्या वेळी पंपाचे बेअरिंग गेले तर शेतकरी तालुक्याच्या गावी जातो, क्रमांक सांगतो, बेअरिंग आणतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुरू करतो. बेअरिंगसाठी सबंध पंप बदला असे त्याला कोणी सांगितले, तर तो पंप पुन्हा त्या तालुक्यात विकला जाणार नाही. जो व्यवहार शेताच्या बांधावर अन्याय्य ठरतो, तोच स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूस न्याय्य कसा ठरावा? घरातल्या यंत्राने जे श्रम वाचतात ते बहुतांशी स्त्रियांचे असतात, आणि त्या श्रमांचा हिशेब आपल्याकडे कोणी ठेवत नाही, हेच घरातला हा व्यवहार मुकाट्याने सहन केला जाण्याचे खरे कारण असावे असे मला वाटते.

दुरुस्तीसाठी सुट्या भागाइतकीच दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ज्ञान. आणि ते खुले असले म्हणजे काय घडते ह्याचा एक थोर दाखला ह्याच नगरीत क्षिप्रेच्या काठी उभा आहे. माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा बांधली. पुढे शतका-दीडशतकाच्या उपेक्षेने तिची यंत्रे ढासळली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या हुकमाने तिचा जीर्णोद्धार झाला, आणि त्या कामात गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्विदांचा मोठा वाटा होता. वेधशाळेचे पहिले अधीक्षकही तेच झाले. दोन शतकांपूर्वी बांधलेली यंत्रे त्यांना पुन्हा अचूक करता आली, ह्याचे एक मोठे कारण हे की त्या यंत्रांमागचे गणित कोणा एकाच्या पेटीत बंद नव्हते. सम्राट यंत्राच्या भिंतीचा चढ हा स्थळाच्या अक्षांशाइतका, म्हणजे उज्जैनला सुमारे २३ अंश ११ कला, असला पाहिजे, हे ज्योतिषाच्या कोणाही अभ्यासकाला ठाऊक होते. त्यामुळे ढासळलेली भिंत पुन्हा उभारताना जयसिंगाच्या वारसांची परवानगी किंवा गुप्त आराखडा मागण्याची पाळी आपट्यांवर आली नाही. आज मात्र घरातल्या यंत्राची दुरुस्तीपुस्तिका, त्याचा विद्युत आराखडा, त्याच्या त्रुटींच्या संकेतांचा अर्थ हे सारे कंपनीच्या अधिकृत केंद्राच्या कुलुपात असते, आणि बाहेरचा कारागीर, हात कितीही कसबी असला तरी, चाचपडत राहतो. ज्या ज्ञानावाचून विकत घेतलेली वस्तू सांभाळताच येत नाही, ते ज्ञान वस्तूबरोबर मिळाले पाहिजे.

ह्या तत्त्वाला आपल्या देशात आधार नाही असे नाही. मोटारींचे सुटे भाग व दुरुस्तीची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असा निवाडा भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिला आणि त्यांना एकंदर अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंडाविरुद्ध अपिले झाली, तरी सुट्या भागांवरची मक्तेदारी हा ग्राहकाचा छळ आहे, हा विचार त्या निवाड्याने दप्तरी रुजू झाला. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी निधी खरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने समोर ठेवली. आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. त्यानंतर वस्तू किती सहज दुरुस्त करता येते ह्याचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती बसली व तिने २०२५ मध्ये अहवाल दिला. परंतु आरंभ मोबाइल व टॅब्लेटपासून करावयाचा, असा त्याचा रोख आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र पोर्टल म्हणजे माहितीची पाटी. त्यावर कंपन्यांनी आपखुशीने जे लिहावे तेवढेच आपण वाचावयाचे. सांधलेला टब वेगळा करून द्या, असे कंपनीला फर्मावण्याचे सामर्थ्य पाटीत नसते.

ते सामर्थ्य कायद्यात असते, आणि युरोपात ते वापरले गेले आहे. तेथे १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी धुण्याच्या यंत्राचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान दहा वर्षे, कुशल कारागिरांना उपलब्ध ठेवण्याचे बंधन कारखानदारांवर घातले. त्या यादीत ड्रम, त्याचा आधार आणि त्यांची बॉल बेअरिंगे ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र ती बेअरिंगे सुटी किंवा एकत्रित संचात द्यावीत, अशी मुभा ठेवल्याने सांधलेल्या टबाला तेथेही पळवाट उरली, ही त्या नियमाची उणीव आपण आरंभीच ओळखून टाळली पाहिजे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. १ जुलै २०२५ पासून युरोपात ड्रायरसाठीही नवे नियम लागू झाले आहेत, आणि २०२४ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीविषयक निर्देशाने हमीची मुदत संपल्यानंतरही धुण्याची व वाळवण्याची यंत्रे दुरुस्त करून देण्याचे दायित्व कारखानदारांवर टाकले आहे. जी कंपनी युरोपच्या बाजारासाठी हे सारे मुकाट्याने करते, तिला तेच भारतात अशक्य आहे असे म्हणण्याचा अधिकार नाही.

विषय केवळ एका कुटुंबाच्या खर्चाचाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन विद्युत कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद होती ती जेमतेम २२.३ टक्क्यांची. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या विद्युत कचऱ्याच्या नियमांनी कारखानदारांवर जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली, हे उचितच झाले. परंतु यंत्र मोडून त्याचे तांबे-लोखंड वेगळे करणे ही शेवटची पायरी आहे. चालते होऊ शकणारे यंत्र मोडावे लागू नये ही पहिली. पहिल्या पायरीविषयी नियम फारसे बोलत नाहीत आणि मुख्य भर शेवटच्या पायरीवर देतात, हा क्रम उलटा आहे.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात अशी माझी मागणी आहे. पहिली ही की, ड्रायर वा धुण्याच्या यंत्राची बेअरिंगे, बुश, सील, पट्टा, रोलर व पंप हे झिजणारे भाग सर्वसामान्य अवजारांनी, इतर भागांची नासधूस न करता, सुटे काढता आले पाहिजेत. कायमचा सांधलेला टब ह्या देशात विकण्यास ठरावीक मुदतीनंतर मनाई असावी. दुसरी ही की, हे भाग मॉडेल बंद झाल्यापासून दहा वर्षे कोणाही कारागिराला वाजवी किंमतीत मिळावेत, आणि दुरुस्तीपुस्तिका हिंदी-मराठीसह भारतीय भाषांत खुली असावी. तिसरी ही की, दुकानात यंत्रावर विजेच्या ताऱ्यांशेजारीच दुरुस्तीसुलभतेचे गुण छापलेले असावेत व त्यात बेअरिंग सुटे बदलता येते की नाही हे होय किंवा नाही एवढ्याच शब्दांत सांगावे.

बाहेरच्या कारागिराच्या हाती यंत्र देणे धोक्याचे आहे, असा जो आक्षेप कंपन्या घेतात, तो सर्वस्वी निराधार नाही. ड्रायरमध्ये तापणारी कॉइल असते, काहींत शीतकरणाचा वायूही असतो. चुकीच्या हाताने अपघात होऊ शकतो, आणि बाजारात नकली बेअरिंगेही मिळतात. पण ह्यावर उपाय शिक्षण व तपासणी हा आहे, कुलूप हा नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम अद्ययावत करावा, उत्तीर्ण कारागिरांना प्रमाणपत्र द्यावे, आणि कंपन्यांना ते प्रमाणपत्र मान्य करणे भाग पाडावे. कारागिरांनीही बिलावर बेअरिंगचा क्रमांक व निर्माता लिहून देण्याची शिस्त पाळावी आणि सील न बदलता बेअरिंग बदलण्याचा घाईचा मार्ग सोडावा.

उरली आपली स्वतःची जबाबदारी. यंत्र घेताना विक्रेत्याला विचारावे, “ह्याचा टब उघडतो का? बेअरिंग वेगळे मिळते का?” आणि उत्तर लेखी मागावे. यंत्र जुने झाले की अधूनमधून, रिकामे असताना व वीज बंद करून, ड्रमची वरची कड हाताने वर-खाली हलवून पाहावी. मागच्या बाजूने ढिलाई जाणवली, फिरवताना खरखर लागली, किंवा यंत्राच्या पाठीमागे गंजाचे ओघळ दिसले, तर पिळण्याचा घरघराट सुरू होण्याची वाट न पाहता कारागिराला बोलवावे. ड्रायरची लव प्रत्येक वापरानंतर काढावी. ड्रममध्ये ठासून कपडे भरू नयेत. आणि जेथे सांधलेल्या टबामुळे चालते यंत्र फेकावे लागले, तेथे गप्प न बसता ग्राहक आयोगाकडे व ग्राहक व्यवहार विभागाकडे लेखी तक्रार करावी. एकट्यादुकट्याची तक्रार दप्तरात पडून राहते. पण यंत्र मोडण्यापूर्वी प्रत्येक घरातून एक अर्ज गेला, तर त्या अर्जांच्या ओझ्याखाली कंपन्यांचे सांधे निश्चित उघडतील. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये आणखी कितीतरी नवी यंत्रे येतील. ती विकत घेण्याआधीच हा कायदा व्हावा, असा आग्रह उज्जैनने आणि महाराष्ट्राने आपापल्या खासदारांकडे धरला पाहिजे.